बोल्ट बसला म्हणजे काम झाले का?

रविवारी वर्ग सुटल्यावर माझ्या जीपभोवती पालकांची थोडी गर्दी होते. एका काकांनी विचारले, "अरे, हे सगळे तू घरी केलेस? एवढे शिकून मेकॅनिक होणार का?" सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर द्यायचे राहून गेले. बाईंनी या अंकात जागा दिली आहे, म्हणून इथे देतो.

माझी गाडी १९९८ ची चेरोकी आहे, सहा सिलिंडरची. तिला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे. १९९३ ते १९९८ मधल्या ग्रँड चेरोकीची पुढची रचना जवळजवळ तशीच आहे, त्यामुळे तिच्या व्ही-८ इंजिनाच्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा माझ्या गाडीत बसतात. त्या जड इंजिनासाठी केलेल्या. हलक्या इंजिनाखाली त्या कमी दबतात आणि गाडीचे नाक वर राहते. भंगार गाड्यांच्या आवारात जाऊन स्वतः काढल्या तर नव्या किटपेक्षा खूपच स्वस्त पडतात. माझ्या मित्राची रँग्लर १९९४ ची, चारी चाकांना पाटे, म्हणून त्याला या स्प्रिंगांचा उपयोग नाही. १९९७ ची असती तर झाला असता. कशाचे काय कशाला बसते, या गप्पांत आम्ही मुले जेवण विसरतो. चूकही तिथेच होते. बोल्ट भोकात गेला की आम्हाला वाटते, काम झाले.

मी स्प्रिंगा बदलल्या, वर एकेक जाड चकती घातली, मागे एक पाटा वाढवला. गाडी दोन-अडीच इंच उंच झाली आणि फार ऐटबाज दिसू लागली. पुढच्याच रविवारी धाकट्या बहिणीला घेऊन वर्गाला निघालो. हायवेवर पुलाच्या सांध्यावरून चाक गेले आणि पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे थडथडू लागली. स्टिअरिंग हातात राहीना. इथे या प्रकाराला 'डेथ वॉबल' म्हणतात. वेग हळूहळू कमी करत कडेला थांबलो. बहीण रडत होती. माझेही हात बराच वेळ कापत होते.

दोष स्प्रिंगांचा नव्हता, माझा होता. पुढच्या ॲक्सलला ट्रॅक बार नावाचा एक आडवा दांडा असतो. त्याचे एक टोक ड्रायव्हरच्या बाजूला गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरे पलीकडे ॲक्सलला. गाडी उचलली की दांडा जास्त तिरका होतो आणि अख्खा ॲक्सल ड्रायव्हरच्या बाजूला सरकतो. शिवाय चाकांचा रोख बदलतो, तो पुन्हा मोजून लावावा लागतो. माझ्या दांड्याच्या वरच्या टोकाचा गोळा आधीच झिजलेला होता. मी तो हलवूनसुद्धा पाहिला नव्हता.

अशा वेळी पुष्कळजण स्टिअरिंगचा नवा डँपर बसवतात. थरथर दबते, झीज तशीच राहते. हे मला अजिबात पटत नाही.

सातारा जिल्ह्यात आजोबांची वडापची जीप होती (वडाप म्हणजे सीटवर माणसे भरून नेणारी खाजगी गाडी, सुट्टीत गावी गेलेल्यांना माहीत असेल). फोनवर त्यांना मागचा पाटा वाढवल्याचे अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, "आम्ही वाढवायचो तो माणसे भरायला. रिकामी जीप मग उड्या मारायची. तू कशाला वाढवलास?" मला उत्तर सुचले नाही. खरे कारण, गाडी उंच दिसावी म्हणून. महिन्याभराने मी तो पाटा काढला.

तरी काकांना माझे म्हणणे असे की हे काम घरी करू द्यावे, पण घरच्यांनी बाजूला उभे राहावे. बाबांना गाडीतले फारसे कळत नाही, तरी त्यांनी दोन नियम घातले: गाडी लोखंडी स्टँडवर नीट बसल्याशिवाय खाली जायचे नाही, नुसत्या जॅकवर तर कधीच नाही, आणि काढलेली प्रत्येक वस्तू वहीत लिहायची. दुसऱ्या खेपेला त्या वहीमुळेच वाचलो. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकची नळी ताणली जाते, ते बाबांनी विचारले म्हणून लक्षात आले. रबरी बुश असलेले बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळायचे, नाहीतर रबर पिळले जाऊन फाटते, हेही वहीत आहे. आता नवा ट्रॅक बार आहे, आणि व्ही-८ ग्रँड चेरोकीचा भरीव टाय रॉडही. माझा मूळचा पोकळ होता. चाकांचा रोख मात्र दुकानातून मोजून घेतला. त्यात मला कमीपणा वाटला नाही.

हायवेवर तीन महिने गाडी सरळ चालली आहे. बहीण अजून वर्गाला बाबांच्या गाडीतून येते. मी विचारले तर म्हणते, "आधी तू एकटा जाऊन ये."