चाहत्यांनी गाळलेले पान

निवृत्तीला पाव शतक उलटून गेले, तरी जर्मनीच्या स्टेफी ग्राफची महाजालावरील लोकप्रियता ओसरलेली नाही. १९९६ च्या विम्बल्डनमध्ये एक प्रेक्षक 'माझ्याशी लग्न करशील का?' असे ओरडला आणि तिने 'तुझ्याजवळ पैसे किती आहेत?' असे विचारले. ती चित्रफीत नातवंडांच्या मोबाइलवर आम्हीही पाहिली आणि मनापासून हसलो. आषाढातल्या संध्याकाळी दूरदर्शनसमोर बसून तिचा फोरहँड पाहिलेली आमची पिढी आहे. म्हणूनच आज चाहत्यांना चार शब्द सुनावण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत.

चाहते म्हणतात, एकेरीची २२ ग्रँड स्लॅम अजिंक्यपदे, ३७७ आठवडे अव्वल स्थान, वाद संपला! विरोधक म्हणतात, ही कमाई सुरीच्या जोरावरची. आमच्या मते दोघांनीही हिशेबाची वही अर्धीच वाचली आहे.

३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्ग येथे, सामन्याच्या विश्रांतीत खुर्चीवर बसलेल्या मोनिका सेलेसच्या पाठीत ग्राफच्या एका चाहत्याने सुरी खुपसली. सेलेस तेव्हा अवघी १९ वर्षांची, अव्वल मानांकित आणि ८ ग्रँड स्लॅमची मानकरी होती. दोन वर्षांहून अधिक काळ ती कोर्टापासून दूर राहिली. परतल्यावर आणखी एकच विजेतेपद तिच्या वाट्याला आले. हल्लेखोरास झालेली शिक्षा निलंबित राहिली. सेलेस जर्मनीत पुन्हा कधी खेळली नाही. कौतुकाच्या पुरात चाहते गाळतात ते हे पान.

विरोधकांनीही पुढचे पान उलटावे. ग्राफच्या २२ पैकी ११ विजेतेपदे त्या दिवसाच्या आधीची आहेत. १९८८ साली चारही ग्रँड स्लॅम आणि सोलचे ऑलिंपिक सुवर्णपदक तिने जिंकले, तेव्हा सेलेस या स्पर्धांत उतरलीही नव्हती. परतलेल्या सेलेसला तिने १९९५ आणि १९९६ च्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत हरवले. मात्र सेलेसच्या गैरहजेरीत जिंकलेल्या ६ पदांवर प्रश्नचिन्ह राहणारच. ते मान्य करण्याने ग्राफ लहान होत नाही.

अपराध ग्राफचा नव्हताच. तो भक्तीच्या नावाखाली मिरवणाऱ्या मालकीहक्काचा होता. त्या इसमाला ग्राफ अव्वल हवी होती. पण तिला ते तशा मार्गाने हवे होते काय, हे त्याने विचारले नाही. आज सेलेसच्या वेदनेला रडगाणे म्हणणारा चाहता हाती सुरी धरीत नाही, हे खरे. परंतु त्याच्या मनाचा कल त्याच दिशेचा आहे, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

ग्राफने स्वतः १९९८ मध्ये युद्ध आणि हिंसाचाराने होरपळलेल्या मुलांसाठी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी खेळाचा निरोप घेतला. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी तिच्या २२ विजेतेपदांबरोबर हॅम्बुर्गचा तो दिवसही सांगावा. प्रेमाला सत्याचे भय नसावे.