अमोघ अस्त्राची अडचण

आमचा भाचा सुटीत आला की पहिले दोन दिवस खाण्यापिण्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीत गप्पांना येऊन बसतो. गेल्या मे महिन्यात मात्र आल्या आल्या येऊन बसला. चेहरा उतरलेला. मला वाटले, परीक्षेचे काही असेल; पण प्रकरण निराळेच निघाले.

ही आठ मुले – कोणी पुण्यात, कोणी बेळगावात, एक तर थेट दुबईत – रात्री मोबाइलवर मिळून एक गोष्ट लिहितात. प्रत्येकाचे एक पात्र. आपल्या पात्राचे बोलणे-चालणे आपण लिहायचे, पुढचे दुसऱ्याने. राज्ये, लढाया, आकाशातली जहाजे, सगळे काही. दीड वर्ष खेळ रंगला. मग एकाने आपल्या पात्राच्या हाती एक यंत्र दिले. ते म्हणे काळ मागे फिरवते. त्याच्यावर वार करावा, तर वाराच्या आधीच तो बाजूला झालेला! कट रचावा, तर रचण्यापूर्वीच उधळलेला! पंधरा दिवसांत बाकीच्यांची लेखणी थंडावली. ‘यंत्र काढून टाक’ म्हणून सांगितले, तर गडी रागावून खेळातूनच निघून गेला.

“जाऊ दे की,” मी म्हटले.

“तसं नाही मामा. तो तिकडे एकटाच असतो. रात्री आमच्याशीच काय ते बोलायचा.”

यावर मी गप्प झालो. मला माझा इंद्रजित आठवला.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते, हे आमच्या बाजूच्या वाचकांना सांगायला नको. आख्यान कोणते ते ठरते, रंगपटात तोंडाला रंग लावता लावता कोण काय होणार ते ठरते. संवाद मात्र ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. एक बाकडे, पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्या सामग्रीवर पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत रात्र काढायची. मी नुकताच एम. ए. झालो होतो. गावच्या जत्रेत हौसेने इंद्रजित घेतला. समोर लक्ष्मण म्हणून एक मुरलेले वृद्ध नट. शब्दांची धुंदी अशी चढली, की रात्री दोनच्या सुमारास मी त्रैलोक्यात उतारा नसलेले अस्त्र सोडले आणि वर स्वतःच जाहीर केले, “लक्ष्मणा, तू गतप्राण झाला आहेस!”

पेटीवाल्याचा हात थांबला. म्हातारा निमूटपणे आडवा झाला. मंडपात शांतता. आता पुढे काय, हे मलाही ठाऊक नव्हते. तेवढ्यात खालून क्षीण आवाज आला, “मेघनादा, अस्त्र अमोघ आहे खरे. पण ते देताना विधात्याने अट कोणती घातली होती, ते या सभेला सांग पाहू!”

मला घाम फुटला. मग निकुंभिलेचा होम आठवला – तो पुरा होण्याआधी जो विघ्न आणील, त्याच्याच हातून मरण. मी चाचरत ते सांगितले. म्हातारा उठून बसला, बिभीषणाला हाक गेली, आणि खेळ पहाटेपर्यंत चालला. रंगपटात ते एवढेच म्हणाले, “अरे, माका तूच मारलंस आणि तूच मेलंय म्हणून सांगितलंस, तर मगे मी करूचा काय? तू बाण सोड. लागलो काय नाय, ता माका बोलूक दी.”

भाच्याला हे सांगताच तो चमकला. त्यांच्या खेळातही चांगल्या मंडळींत हाच दंडक आहे म्हणे: वार मी लिहायचा, तो लागला की नाही हे ज्याच्यावर झाला त्याने लिहायचे. १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. या जातीच्या खेळांचा तो मूळपुरुष. त्यातल्या जादूगारालासुद्धा दिवसाला मोजकेच मंत्र! व्यासांनी तर हे केव्हाच ओळखले होते. कर्णाची वासवी शक्ती एकदाच चालायची; ती अर्जुनासाठी जपलेली आणि खर्ची पडली घटोत्कचावर. हत्यार न धरणारा श्रीकृष्ण अर्जुनाने मागून घेतला, म्हणून अठरा दिवसांचे युद्ध तरी झाले. सुदर्शन चालते, तर कवीला दुपारीच पोथी बांधावी लागली असती. (हल्ली आमच्याकडे ‘ट्रिकसीन’चे दशावतार होतात; धूर, उजेड, पेटते बाण. पोरे खूश असतात. मला मात्र धूर विरेपर्यंत मुकाट उभ्या राहिलेल्या समोरच्या नटाची कीव येते.)

“तुम्ही यंत्र काढून टाक म्हणालात, तिथे चुकलात,” मी भाच्याला म्हटले. “अस्त्र काढून घेणारे तुम्ही कोण? अट काय, तेवढे विचारा. आणि ती त्यालाच सांगू द्या.”

त्याने त्याच रात्री विचारले. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी आले, ते भाच्याने मला वाचून दाखवले. यंत्र एकदा चालवले, की चालवणाऱ्याची एक आठवण कायमची पुसली जाते. दोनदा चालवून झाले आहे. त्यात घरची वाट गेली आहे. आता ती कोणीतरी दाखवावी लागेल.

त्या रात्री सातही जण लिहीत बसले होते. सकाळी भाचा नऊ वाजता उठला.

यंदा कार्तिकातल्या जत्रेला आठही जण आमच्याकडे येणार आहेत. आमच्या सौभाग्यवती अंथरुणे मोजताहेत. आणि तो मुलगा शाकाहारी आहे की मासे खातो, हे भाच्याने अजून विचारलेले नाही.