बहिष्कार क्युबावर, चैन धनदांडग्यांची

मध्यंतरी एका स्वागत समारंभाला जाण्याचा योग आला. जेवणे आटोपल्यावर एका उद्योजक गृहस्थांनी खिशातून चामड्याची डबी काढली. आतला जाडजूड सिगार सर्वांना दाखवत ते म्हणाले, ‘‘कोहिबा आहे, क्युबाचा. अमेरिकेतसुद्धा मिळत नाही!’’ भोवतीच्या चार-पाच जणांच्या नजरेत एकदम आदर दाटून आला. सिगारची चव कशी आहे, हे मात्र कोणीही विचारले नाही. आम्ही स्वतः तंबाखूला शिवत नाही आणि कोणी शिवावे असेही आमचे मत नाही. पण एक प्रश्न मनात राहिला. भारतात क्युबाच्या सिगारवर बंदी नाही. मग अमेरिकेतल्या बंदीचा अभिमान इथल्या माणसाला का वाटावा? वकिलीच्या सवयीने आम्ही या बंदीचा कायदा तपासून पाहिला, तेव्हा सिगारच्या धुराआड बरेच काही दडलेले दिसले.

3 फेब्रुवारी 1962 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी क्युबाशी होणाऱ्या व्यापारावर बंदी घालणाऱ्या घोषणेवर सही केली आणि 7 फेब्रुवारीपासून ती लागू झाली. या सहीच्या आदल्या दिवसाची हकिगत केनेडींचे माध्यम सचिव पिअरे सॅलिंजर यांनीच 1992 साली लिहून ठेवली आहे. केनेडींनी त्यांना बोलावून आपल्या आवडीचे क्युबाचे एक हजार सिगार सकाळपर्यंत मिळवायला सांगितले. सॅलिंजर यांनी बाराशे मिळवले. ते हाती आल्याची खात्री झाल्यावरच अध्यक्षांनी टेबलाच्या खणातून घोषणेचा कागद काढला आणि सही केली! केनेडींचे दुसरे सहकारी रिचर्ड गुडविन यांच्या सांगण्यानुसार सिगारला बंदीतून वगळण्याचा विचारही झाला होता, पण फ्लोरिडातील टॅम्पाच्या सिगार उत्पादकांनी त्याला विरोध केला. म्हणजे ज्याने बंदी घातली त्याने आधी आपले कपाट भरून घेतले. बंदीचा हा पहिला दिवसच तिचे खरे स्वरूप सांगून जातो.

ही बंदी साधी नव्हती. 1917 साली पहिल्या महायुद्धात केलेल्या ‘शत्रूशी व्यापार’ कायद्याचा आधार तिला होता. 2004 साली अमेरिकी कोषागाराने स्पष्ट केले, की अमेरिकी नागरिकाने परदेशात जाऊन क्युबाचा सिगार विकत घेतला किंवा नुसता ओढला, तरी तो गुन्हाच आहे. पुढे ओबामांच्या काळात दार किलकिले झाले. 2015 साली प्रवाशांना शंभर डॉलरपर्यंतची दारू आणि तंबाखू आणण्याची मुभा मिळाली, तर ऑक्टोबर 2016 मध्ये स्वतःच्या वापरापुरती ती मर्यादाही उठली. सप्टेंबर 2020 मध्ये ट्रम्प प्रशासनाने ते दार पुन्हा बंद केले. दार उघडो वा बंद होवो, सिगारभोवतीचे वलय मात्र दाटच होत गेले. त्याची जाहिरात करण्याचे काम अमेरिकेच्या कायद्यानेच साठ वर्षे फुकट केले आहे.

मग या सिगारची महती निव्वळ खोटी आहे काय? तसेही नाही. क्युबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातील वुएल्ता आबाजो भागाची माती आणि हवा तंबाखूला मानवते, हे खरे आहे. सप्टेंबर 2022 मध्ये ‘इयान’ चक्रीवादळाने याच प्रांतात पाने वाळवण्याच्या हजारो शेडची वाताहत केली, त्यामुळे काही टंचाईही खरी आहे. पण 1960 साली क्युबाने सिगार उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केल्यावर अनेक कारखानदार देश सोडून गेले आणि क्युबाचे बियाणे व कसब डॉमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरास या देशांत पोहोचले. अमेरिकेतील सिगारशौकिनांच्या मासिकाने वर्षातील सर्वोत्तम सिगारचा मान कित्येकदा याच देशांच्या मालाला दिला आहे. चवीत फार अंतर उरले नसताना किमतीत आणि प्रतिष्ठेत उरते ते का? कारण गिऱ्हाईक तंबाखूपेक्षा ‘इतरांना न मिळणारी वस्तू माझ्या हातात आहे’ या भावनेचे पैसे मोजत असते.

या भावनेचा धंदा कसा चालतो ते कोहिबाच्या खटल्यात दिसते. क्युबाने हा सिगार 1966 साली खास राज्यकर्त्यांसाठी आणि परदेशी पाहुण्यांसाठी सुरू केला. 1981 साली एका अमेरिकी कंपनीने तेच नाव अमेरिकेत स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले. त्यावर वर्षानुवर्षे खटले चालले आणि डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने ही नोंदणी रद्द ठरवली. क्युबाचा माल नको, पण क्युबाच्या मालाचे नाव मात्र विकायला हवे, असा हा न्याय! दुसरीकडे पर्यटकांच्या गळ्यात नकली कोहिबा मारणाऱ्यांचाही बाजार तेजीत असतो. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी दिसली की ती नकली समजावी, असे जाणकार सांगतात. तरीही ती खपते, कारण ती घेणाऱ्याला सिगारपेक्षा मिरवणे महत्त्वाचे असते.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. 2024 साली क्युबाच्या सिगार कंपनीने सुमारे 82 कोटी 70 लाख डॉलरची विक्रमी विक्री केली आणि त्यात चीनच्या श्रीमंतांचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला क्युबाची संपूर्ण वीजयंत्रणा कोसळली आणि सुमारे एक कोटी लोक अंधारात बसले. 2020 साली, ऐन कोरोनात, क्युबाला व्हेंटिलेटर पुरवणाऱ्या, पण अमेरिकी मालकीच्या झालेल्या स्वित्झर्लंडच्या कंपन्यांनी निर्बंधाचे कारण देऊन पुरवठा थांबवला. उलट 2000 सालच्या अमेरिकी कायद्याने अमेरिकी शेतमाल क्युबाला रोखीने विकण्याची सोय करून घेतली, त्यामुळे अमेरिकेची गोठवलेली कोंबडी हवानात पोहोचते. ज्यात आपल्या व्यापाऱ्याचा फायदा आहे तेवढ्यापुरती बंदीला फट ठेवायची आणि बाकी जनतेने सोसायचे, असा हा व्यवहार आहे.

क्युबाच्या राज्यकर्त्यांची वकिली करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तिथला शेतकरी आपले बहुतांश तंबाखूचे पीक सरकारलाच विकतो. सिगार वळणाऱ्या कामगाराला मजुरी पेसोत मिळते आणि त्याच्या हातचा सिगार परदेशात डॉलर-युरोत विकला जातो. जुलै 2021 मध्ये भाकरी, औषध आणि स्वातंत्र्य मागत रस्त्यावर उतरलेल्या शेकडो लोकांना या सरकारने तुरुंगात टाकले. मोबदला न देता मालमत्ता घेतल्याची अमेरिकेची तक्रारही विचारात घेण्यासारखी आहे. पण राज्यकर्त्यांच्या अपराधाची शिक्षा जनतेला द्यायची काय? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1992 पासून वारंवार ही बंदी उठवण्याची मागणी केली आहे. 2024 साली 187 देश तिच्या बाजूने होते. विरोधात फक्त अमेरिका आणि इस्रायल. 2025 साली विरोधी मते सातवर गेली, तरी 165 देश ठाम राहिले.

बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. गावकीने वस्तीवर बहिष्कार टाकला की किराणा बंद, दळण बंद, पाणी बंद, मजुरी बंद. पण ज्यांनी बहिष्कार पुकारला, त्यांची वस्तीकडून होणारी गरजेची कामे रात्रीच्या अंधारात बरोबर होतात. महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून हे दुखणे किती खोल आहे ते समजते. गाव आणि देश यांत फरक आहे, हे आम्ही जाणतो. पण रीत तीच आहे. बहिष्कृत माणसांच्या हातची वस्तू हवी, ती जितकी दुर्मिळ तितकी अधिक हवी. माणसे मात्र नकोत.

ती माणसे कोण होती? 1865 साली हवानाच्या कारखान्यात सिगार वळणाऱ्या कामगारांनी एक प्रथा सुरू केली. हात कामात गुंतलेले असताना एक जण उंच जागी बसून वर्तमानपत्रे आणि पुस्तके मोठ्याने वाचून दाखवी आणि त्याची मजुरी कामगार आपल्या खिशातून देत. अक्षरओळख नसलेला कामगारही त्यामुळे जगाच्या राजकारणावर बोलू लागला. स्पॅनिश सत्तेला याची इतकी भीती वाटली, की 1866 साली तिने या वाचनावर बंदी आणली. तरीही प्रथा टिकली. ‘मोंतेक्रिस्तो’ या प्रसिद्ध सिगारचे नाव कामगारांनी ऐकलेल्या अशाच एका कादंबरीवरून आले आहे. क्युबाच्या स्वातंत्र्यलढ्यात होसे मार्ती यांना पैसा आणि बळ दिले ते टॅम्पा आणि की वेस्ट येथील याच कामगारांनी. तंबाखूच्या धुळीत बसलेल्या माणसाला जाग आली की काय घडते, हे कामठीच्या विडी कामगारांना संघटित करणाऱ्या बाबू हरदास एल. एन. यांच्या वारसदारांना वेगळे सांगायला नको.

त्या समारंभातील गृहस्थांना आम्ही काही बोललो नाही. आज इतकेच सांगू, की त्यांच्या हातातल्या सिगारची किंमत तंबाखूने फारशी वाढवलेली नाही. ती वाढवली आहे बंदीने, आणि बंदीची किंमत चुकती केली आहे अंधारात बसलेल्या लोकांनी. कोणतीही बंदी, कोणताही निर्बंध समोर आला की आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. याची झळ कोणाला बसणार? आणि सही करण्यापूर्वी कोणी आपले बाराशे सिगार घरात भरून ठेवले आहेत?