पांढऱ्या पाटीला मराठीचा झेंडा बांधू नका

गेल्या लग्नसराईत आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. झेंडूच्या हारांनी सजवलेली काळी आलिशान गाडी रस्त्याकडेला उभी. नवरदेव फेटा सावरत खाली उतरलेला. अधिकारी कन्नडमध्ये कागद विचारतोय, ड्रायव्हर मराठीत काहीतरी सांगतोय आणि मागून कुणाचा तरी आवाज, "मराठी म्हणून अडिवलंय बघा!" शेवटी नवरदेव वऱ्हाडाच्या टेम्पोतनं मांडवात पोचला. अक्षता अर्धा तास लांबल्या.

तो व्हिडिओ मीही पाच ग्रुपवर ढकलला. खाली 'जाहीर निषेध' लिहिलं. संध्याकाळी गाडीमालकाला फोन लावला. आमच्याच गल्लीतला पोरगा. विचारलं, "परमिट होतं काय रे?"

"कसलं परमिट गा! व्हाइट बोर्ड हाय की ती."

माझ्या निषेधातली हवा तिथंच गेली. हा लेख त्या दिवसापासून मनात आहे. वाचून काही जण चिडतील. चिडा, पण शेवटपर्यंत वाचा.

माझी स्वतःची केए-२२ पासिंगची यलो बोर्ड गाडी आहे. बेळगाव ते गोवा, बेळगाव ते कोल्हापूर-पुणे अशी भाडी मारतो. त्यामुळं हे सगळं पुस्तकातलं सांगत नाही. आणि माझा यात स्वार्थ आहे, तोही आधीच सांगून टाकतो. व्हाइट बोर्डवाला माझं भाडं खातो.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण ग्रुपवर त्याबद्दल कुणीच बोलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ६६ सरळ सांगतं की परमिटशिवाय गाडी भाड्यानं चालवायची नाही. ड्रायव्हर सोडून सहा प्रवाशांपर्यंतची गाडी ही मोटार कॅब, सहाच्या वर बारापर्यंतची मॅक्सी कॅब. गाडी अल्टो असो की जर्मन कंपनीची असो, पैसे घेऊन माणूस बसवला की तिला पिवळी पाटी आणि परमिट लागतं. नवरदेवाची गाडी म्हणून वेगळं कलम नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९२-अ खाली परमिटशिवाय गाडी चालवली तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. गाडी जप्त करायचा अधिकार कलम २०७ देतं.

हा कायदा कन्नड नाही आणि मराठीही नाही. दिल्लीचा आहे. कोल्हापुरात तोच, पणजीत तोच, बेळगावात तोच.

मग आपली पोरं व्हाइट बोर्डवर भाडी का मारतात? मला दिसतात ती कारणं सांगतो.

पहिलं कारण ऐकून हसू येईल. लग्नाच्या फोटोत पिवळी पाटी नको! मला स्वतःला एका वधूपित्यानं तोंडावर सांगितलंय, "गाडी चांगली हाय ओ तुमची, पण टॅक्सीतनं आणली म्हणतील की लोकं." तीन तास मिरवायच्या गाडीसाठी लोक हजारो रुपये मोजतात, पण ती भाड्याची आहे हे पाव्हण्यांना कळू नये. त्या तीन तासांच्या खोट्या मालकीसाठी आपला एक पोरगा सहा महिन्यांच्या कैदेचं कलम डोक्यावर घेऊन स्टिअरिंगवर बसतो. मोठ्या शहरांत तर गाडी मधूनच कापून, लांब करून लिमोझिन म्हणून वरातीला देतात. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल कलम ५२ खाली चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. हौसेला मोल नाही म्हणतात. गाडीवाल्यासाठी आहे, आणि ते तो एकटाच भरतो.

दुसरं कारण पैशाचं. यलो बोर्ड गाडीचा विमा महाग, कर वेगळा, परमिटची फी वेगळी. एफसीचा फेरा आहेच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. हे सगळं भरून मी जो दर सांगतो, तो ऐकून गिऱ्हाईक व्हाइट बोर्डवाल्याकडं जातं. तो व्हाइट बोर्डवाला मराठी, मीही मराठी. त्याला अडवलं की ग्रुपवर निषेध होतो. माझा हप्ता थकतो तेव्हा कुणी निषेध करत नाही.

तिसरं कारण खरं आहे आणि त्यात आपला दोष नाही. ते कार्यालयाचं आणि भाषेचं. त्यावर पुढं येतोच.

त्याआधी विम्याचं बोलतो, कारण खरा खड्डा तिथं आहे. दहा हजारांचा दंड माणूस उसने घेऊन भरेल. पण खासगी गाडीची पॉलिसी काढून बघा, वापराच्या अटींत भाड्यानं देणं वगळलेलं असतं. चोर्ल्याच्या वळणावर गाडी ठोकली आणि आत भाडं होतं हे सिद्ध झालं, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा हातचा जातो. समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला, तर न्यायालय विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकतं आणि नंतर तेच पैसे गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. परमिट नसणं हा मूलभूत भंग आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय. म्हणजे नुकसानभरपाईचा आकडा लाखांत गेला, तर तो शेवटी त्या पोराच्या घरावर येऊन बसणार. तेव्हा 'मराठी म्हणून' हे वाक्य कुठल्या कोर्टात चालणार?

आता दुसरी बाजू. कारण मी इथं थांबलो तर उद्या कुणीतरी माझाच लेख दाखवून म्हणेल, बघा, सीमाभागात अन्याय वगैरे काही नाही. आहे. मी स्वतः सोसलाय.

सगळे कागद बरोबर असताना मला एकदा रात्री अडवलं. आरसी, परमिट, विमा, एफसी सगळं फोनवर डिजिलॉकरमध्ये दाखवलं. उत्तर आलं, "ओरिजिनल पाहिजे." मी मराठीत बोललो तसा आवाज चढला. शेवटी एक रक्कम सांगितली गेली आणि पावती मागितल्यावर ती रक्कम दुप्पट झाली. मागच्या सीटवर पेशंट होता. मी पैसे दिले आणि निघालो. ती लाज अजून जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ सांगतो की कागद छापील किंवा इलेक्ट्रॉनिक, कुठल्याही रूपात दाखवता येतो. मला तो नियम त्या रात्री माहीत नव्हता. माहीत असता तर कदाचित मी वाद घातला असता. वाद घालायला मला जागा होती, कारण माझे कागद पूर्ण होते. व्हाइट बोर्डवाल्याला ती जागाच नसते. तो पावती मागूच शकत नाही, कारण पावती म्हणजे त्याचा स्वतःचा गुन्हा लेखी होणं. म्हणून तो गप्प पाकीट काढतो. हप्तेबाजी अशाच गप्प बसणाऱ्यांवर पोसते आणि मग माझ्यासारख्या कागदवाल्याकडंही हात पसरते.

भाषेचंही तेच. आमच्याकडच्या एका कार्यालयात मी परमिटच्या अटी मराठीत मागितल्या. खिडकीतला माणूस हसला आणि बाहेरच्या एजंटाकडं बोट दाखवलं. एजंट मात्र अस्खलित मराठी बोलतो, फक्त त्याचे पैसे पडतात! म्हणजे आपल्या भाषेत माहिती आहे, पण ती विकत आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेली जी संरक्षणं आहेत, त्यांत ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाचे सरकारी नियम आणि सूचना त्या भाषेत प्रसिद्ध करायच्या असं ठरलेलं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत आपण किती आहोत ते जनगणनेला विचारा. आणि राज्यघटनेचं कलम ३५० म्हणतं की गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडं देता येतो. परमिटच्या तक्रारीचा मराठी अर्ज आपल्यातल्या किती जणांनी आजवर दिला? मीही पहिला दिला तो वयाच्या तिशीत.

मोठ्यांचे नियमही लहान माणसाला बाहेर ठेवतात, तेही बोललं पाहिजे. गाडी ड्रायव्हरशिवाय भाड्यानं द्यायची असेल, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, तर १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत लायसन्सधारकाकडं किमान ५० गाड्या पाहिजेत. पन्नास! कर्ज काढून एक गाडी घेतलेल्या पोरानं काय करायचं? कुणा मोठ्याच्या लायसन्सखाली गाडी लावायची, नाहीतर चोरून द्यायची. ही अट खाली आणा, ही मागणी आपल्या निवेदनात असली पाहिजे. ती कन्नड पोराच्याही कामाची आहे. तोही आपल्यासारखाच हप्ते भरतो.

आणि जे आपल्याला आपलं म्हणतात, त्या महाराष्ट्राबद्दलही एक वाक्य. शिनोळी ओलांडली की माझी भाषा कुणी विचारत नाही, नंबर विचारतात. तिकडं मी 'केए' असतो, इकडं मी 'मराठी' असतो. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टर-ड्रायव्हरना मारहाणीची प्रकरणं झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या थांबल्या. एसटी बंद झाली की कोल्हापूरच्या दवाखान्याला, पुण्याच्या मुलाखतीला माणूस कशानं जातो? भाड्याच्या गाडीनं. त्या दिवसांत सीमाभागाची वाहतूक आपल्या खांद्यावर असते. अशा वेळी प्रवाशाला विमा नसलेल्या गाडीत बसवायचं, ही कसली मराठीची सेवा?

सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आपला दावा उभा आहे. तो कागदांवर उभा आहे. आपले आजोबा सातबारे, शाळेचे दाखले, जुन्या पावत्या जपून ठेवायचे, कारण त्यांना माहीत होतं की उद्या कुणीतरी पुरावा मागेल. आणि आपण त्यांचे नातू दारातल्या गाडीचा कागद नसताना लढाईची भाषा करतो.

म्हणून सांगतो. भाडी मारायची असतील तर पाटी पिवळी करा. देशभराचं टुरिस्ट परमिट आता ऑनलाइन मिळतं, २०२३ च्या नियमांनी त्याला मुदतही घातली आहे. लायसन्ससाठी घाबरू नका. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय की साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या वाहनासाठी एलएमव्ही लायसन्स पुरतं, ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही. अडवलं तर आवाज न चढवता अधिकाऱ्याचं नाव आणि कलम विचारा. कागद ठेवून घेतला तर पोच मागा. पैसे दिले तर पावतीवरच द्या. नाही मिळाली तर त्याच रात्री तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मराठीत अर्ज द्या. त्याची पोच आम्हाला पाठवा. असे पन्नास अर्ज एका गठ्ठ्यात जमले, तर निवेदनाला वजन येईल. पन्नास व्हिडिओंनी ते आलेलं नाही.

आणि घरात लग्न असेल तर आईवडिलांना एवढं सांगा, फोटोत पिवळी पाटी दिसली तर दिसू दे. त्यावर हार घाला. कुणीतरी हप्ते भरून, कागद करून ती लावलेली असते.

आमच्या गल्लीतल्या त्या पोराची गाडी सोडवायला मीच त्याच्याबरोबर गेलो होतो. दंड भरला, पावती घेतली. परत येताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "यलो बोर्डाला किती खर्च येतोय गा सगळा मिळून?"

मी कागद-पेन काढलं. आता तुम्ही विचारलंत, तर तुम्हालाही हिशेब मांडून देईन.