कशाला वैर घेता?

आमगावात रात्री साडेअकराला डीजे वाजत असेल, तर त्याची पहिली तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर होते. मग ती नाव न घेता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ठाण्यापर्यंत मात्र जात नाही. "जाऊ द्या ना भाऊ, कशाला वैर घेता?" असे कोणीतरी म्हणतेच.

भीती खोटी नाही. तक्रार देणारा आणि ज्याच्याविरुद्ध द्यायची तो, दोघांची उधारी एकाच किराणा दुकानात असते. म्हणूनच आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम लोकांना पटली. बांधाचा, नालीचा, भाऊबंदकीचा वाद गावातच मिटला तर कोणाला नको? पण तंटामुक्तीला बक्षीस होते, आणि बक्षिसासाठी गाव शांत दिसावे लागते. तेव्हा रोज बायकांची वाट अडवणारा दारुडाही 'समज देऊन' सुटू लागतो. बांधावरून भांडणाऱ्या दोघांत तडजोड करता येते. या दारुड्याशी त्या बायकांनी कसली तडजोड करायची?

आमगावची तर आणखी पंचाईत. आमगाव, बनगाव, रिसामा, कुंभारटोली अशी आठ गावे मिळून नगर परिषद जाहीर झाली आणि तिचा वाद न्यायालयात अडकला. वर्षानुवर्षे ना ग्रामसभा ना नगरसेवक, कारभार प्रशासकाकडे राहिला. दिवा बंद असलेल्या चौकात बाटल्या फुटल्या, तरी ते सांगायला वॉर्डातला हक्काचा माणूस नव्हता.

उरते ठाणे. तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हातात पडली की माणूस हिरमुसतो. अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, हे खरे. पण तो कागद वाया जात नाही. एकाच माणसावर अशा नोंदी साचल्या की पोलिसांना चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधात्मक कारवाई, करायला आधार मिळतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली (जुने १०७) कार्यकारी दंडाधिकारी त्याच्याकडून शांतता राखण्याचे, वर्षभरापर्यंतचे बंधपत्र घेऊ शकतात. मग बंधपत्र मोडणे त्याला महागात पडते. सगळ्या गल्लीने सोसले आणि नोंद एकही नाही, तर ठाण्याच्या दप्तरी तो सज्जनच.

अर्जात 'फार त्रास देतो' लिहून भागत नाही. तारीख, वेळ, जागा, आपण स्वतः काय पाहिले, कोण हजर होते, एवढे लिहावे आणि पोच घ्यावी. समोरच्याची जात, घराणे, बापाच्या सवयी यातले काही लिहू नये. प्रकार चालू असेल तर ११२ लावावा. डीजेसाठी वेगळा पुरावा शोधायला नको: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालचा आहे. सणांना सरकार काही दिवस १२ पर्यंत सूट देते, तेवढे सोडून.

मात्र खुपणारी प्रत्येक गोष्ट तक्रारीची नसते. पुलावर मोबाइल घेऊन बसलेली पोरे नजरेला खुपतात, पण नुसते बसणे हा गुन्हा नाही. उलट गावच एका माणसाविरुद्ध होते, तेव्हा कोणाला काही वावगे वाटत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांसह सात जणांना चौकात बांधून मारले. एखादी म्हातारी करणी करते असे चारचौघांत ठरवणे हाच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तशी कुजबुज कानावर आली की ठाण्यात जावे, मारहाण व्हायची वाट पाहावी लागत नाही.