वनशिबिर बंद करण्याआधी



नववीचे वनशिबिर यंदापासून बंद करावे, असा अर्ज विश्वस्त मंडळापुढे आला आहे. अर्जासोबत वर्तमानपत्राचे एक कात्रण जोडलेले आहे. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात पायी भटकंतीला गेलेल्या लोकांना वणव्याने गाठले. २० हून अधिक जीव गेले, त्यांत तरुण मुले-मुली पुष्कळ होती. हे कात्रण वाचून कोणाही आईबापाच्या पोटात गोळा येईल. आमच्याही आला.

पण अर्जाचे खरे कारण कुरंगणी नव्हे, हे सर्वांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आपलीच मुले चोरलकडच्या टेकड्यांत होती. त्या दिवसाविषयी पालकसभेत आम्ही "सर्व विद्यार्थी सुखरूप परत आले" एवढेच सांगितले होते. ते खरे होते, पण अपुरे होते.

झाले असे. दुपारी साडेतीनच्या सुमारास खालच्या नाल्याकडून धूर येऊ लागला. मोहाच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळण्याची आपल्या भागात जुनी रीत आहे, वेचायला फुले स्वच्छ दिसावीत म्हणून. त्यामुळे प्रथम आम्ही लक्षच दिले नाही. मग वारा फिरला आणि कमरेएवढ्या वाळल्या गवतातून आग उतार चढू लागली. बस वरच्या रस्त्यावर उभी होती. आम्ही शिट्टी फुंकली आणि ओरडलो, "वर चला, पळा, बसकडे पळा!" मुले गुणी. एका शब्दाने न विचारता वर धावू लागली.

आमच्याबरोबर वनखात्याचा नाकेदार होता. तो आमच्याहून मोठ्याने ओरडला, "ऊपर नहीं! काले में आओ, काले में!" तो ज्या बाजूला हात करत होता तिथे सकाळी जळून गेलेला एक पट्टा होता; अजून कुठे कुठे धुमसत होता. जळलेल्या रानात मुलांना न्यायचे, हे आमच्या मनाला पटेना. तो पटवायला थांबला नाही. त्याने पुढच्या दोन मुलांचे दंड धरले आणि आडवे ओढत त्या राखेत नेले, बाकीची त्यांच्या मागे गेली. वीसेक मिनिटे आम्ही सगळे तिथे खाली माना घालून बसून होतो. आग कडेकडेने वर गेली. ज्या उतारावरून आम्ही मुलांना पळवणार होतो, तो पार रस्त्यापर्यंत काळा झाला. बस चालकाने वेळीच पुढे नेली होती. दुसऱ्या दिवशी एका पालकांची तक्रार आली, पांढरे बूट खराब झाले म्हणून. आम्ही काही न बोलता दिलगिरी व्यक्त केली.

त्या दिवशी चूक आमची होती. हुकूम चुकीचा होता, आणि मुलांनी तो तंतोतंत पाळला.

त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शाळेत 'दावानल' शब्दाचा अर्थ पाठ केला होता, पण आग चढावर जास्त वेगाने पळते हे कोणी शिकवले नव्हते. चढावर ज्वाळा पुढच्या गवताकडे कललेली असते, त्यामुळे ते गवत पेटण्याआधीच तापून तयार होते. ढोबळ हिशेब असा, की चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. माणसाचे नेमके उलटे. चढ वाढला की पाय जड होतात, छाती भरून येते. ही शर्यत नववीतला मुलगा जिंकू शकत नाही, आणि पन्नाशीतले मुख्याध्यापक तर नाहीतच.

ज्या घटनेने आमची झोप उडवली ती अमेरिकेच्या मोंटाना राज्यातली, ५ ऑगस्ट १९४९ ची. मान गल्च नावाच्या दरीत आग लागली होती. विमानातून हवाई छत्रीने उतरून आग विझवणारे १५ जवान तिथे उतरले, जमिनीवरचा एक वनरक्षक त्यांना मिळाला, असे सोळा जण. त्यांचा नायक वॅग डॉज, वय ३३. बाकी बहुतेक पोरसवदा. सर्वांत लहान रॉबर्ट सॅली अवघा १७ वर्षांचा, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांएवढा. आग साधी वाटत होती. वायरलेस संच असलेली छत्री उघडलीच नाही आणि संच फुटला, तरी कोणी फारसे मनावर घेतले नाही. ते नदीच्या दिशेने खाली उतरत असताना डॉजला दिसले, की आगीने दरी ओलांडून पुढची वाट अडवली आहे. त्याने सर्वांना मागे वळवले. आता चढ, उभे वाळलेले गवत आणि पाठीमागे आग. थोड्या वेळाने त्याने सांगितले, अवजारे टाका. काहींनी टाकली, काहींच्या हातून ती सुटेचनात. आपल्या मुलांच्या पाठीवरच्या पिशव्या आठवून पाहा. आत डबा, मोबाइल आणि आईने दिलेला नवा स्वेटर असताना पिशवी फेकून द्यायची, हे एका हाकेत जमत नाही.

मग डॉजने खिशातून काडी काढली आणि आपल्याच पुढचे गवत पेटवले. ते भराभर वर जळत गेले, त्याच्यामागे काळी जमीन उरली. तो त्या राखेत शिरला आणि बाकीच्यांना हाका मारू लागला, इकडे या. एकही जण आला नाही. मागून आग येत असताना नायकच पुढे आग लावतो आहे, हे पाहून कोणाचा विश्वास बसेल? सगळे त्याला ओलांडून कड्याकडे धावले. डॉजने रुमाल पाण्याने भिजवून तोंडावर धरला आणि राखेत पालथा पडला. मोठी आग आली आणि त्याला वगळून दोन्ही अंगांनी निघून गेली, कारण त्याच्याभोवती जळायला काही उरलेच नव्हते. सॅली आणि आणखी एक जवान कड्यातल्या फटीतून पलीकडे खडकाळ जागी पोचले आणि वाचले. बाकीचे तेरा जण गेले. विमानातून उतरल्याला तेव्हा जेमतेम दोन तास झाले असतील.

डॉजचे म्हणणे होते, की ही युक्ती त्याला कोणी शिकवली नव्हती. गवताळ प्रदेशातल्या लोकांना ती फार पूर्वीपासून ठाऊक होती, पण या जवानांच्या प्रशिक्षणात ती नव्हती. शिवाय डॉज अबोल स्वभावाचा, आणि या मुलांनी त्याच्या हाताखाली एकत्र असे फारसे काम केलेले नव्हते. आम्हांला वाटते, गोष्ट इथेच अडली. हुकूम बरोबर होता, पण तो ऐकणाऱ्याला कळण्यासारखा नव्हता, आणि समजावून सांगायला एका मिनिटाचीही सवड नव्हती. आमच्या बाबतीत हुकूम चुकीचा होता आणि मुलांनी बिनतक्रार ऐकला. आपल्या शाळेत शिस्तीचे फार कौतुक आहे, आम्हीही ते करत आलो आहोत. पण मुलांनी त्या दिवशी "सर, वर का?" असे विचारण्याइतके काही त्यांना ठाऊक असते, तर आम्हांला फार बरे वाटले असते.

आता 'काळी जमीन' माहीत असली की झाले, असेही नाही. ३० जून २०१३ रोजी अमेरिकेतच, ॲरिझोनात यार्नेल येथे १९ कसलेले अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. ते जळलेल्या, सुरक्षित जागी होते. तिथून निघून न जळलेल्या झुडपांतून दुसरीकडे जाताना वादळी वाऱ्याने आगीची दिशा पालटली. अंगावर ओढायचे चकचकीत पन्ह्याचे आच्छादन प्रत्येकाकडे होते. ते पुरले नाही. म्हणून शिबिरात धोका नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की शिबिर बंद केल्याने आपली मुले रानात जायची थांबणार नाहीत. पावसाळा सरला की पाताळपाणी, जानापाव, काजलीगढ इथे दर रविवारी इंदूरची तरुण पोरे मोटरसायकलवर दिसतात, त्यांत आपले माजी विद्यार्थीही असतात. त्यांना हे कोण सांगणार? मराठीत तहान लागल्यावर विहीर खणतात, हिंदीत आग लागल्यावर. हिंदीतली विहीर आम्हांला इथे जास्त लागू वाटते.

शिकवायचे ते फार नाही. पहिले, वेळ असेल तर लवकर निघा. बाकी सारे त्यानंतरचे. वाट बंद झाली असेल तर चढाकडे आणि अरुंद घळीत जाऊ नका, घळ धुराड्यासारखी आग ओढून घेते. जळून गेलेली जागा, नांगरलेले शेत, नदीतली वाळू, उघडा खडक, रुंद रस्ता, म्हणजे जिथे जळायला काही नाही अशी जागा शोधा. माणूस पुष्कळदा ज्वाळेच्या आधी धगीनेच जातो, आणि धग उजेडासारखी सरळ येते. म्हणून मोठा दगड किंवा मातीचा बांध आड घ्या. आडोसा नसेल तर पालथे पडा, पाय आगीकडे, तोंड मातीशी, उघडे अंग सुती किंवा लोकरी कापडाने झाकलेले. नायलॉनचे जाकीट अंगावर वितळते, ते काढून पिशवीसकट लांब फेका. बसमध्ये असाल तर बस मोकळ्या जागी उभी करून काचा लावा, खिडकीच्या खाली वाका, आणि ज्वाळांची रांग पुढे जाईपर्यंत उतरू नका. गवतातली ज्वाळा एका जागी फार काळ टिकत नाही, तेवढा वेळ काढायचा असतो. डॉजसारखी आग लावणे मात्र आम्ही मुलांना शिकवणार नाही. ते जाणत्या माणसाचे काम आहे. काडी हातात असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाचा आम्हांला वणव्याइतकाच धसका आहे.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती अशी. शिबिर मार्चमध्ये घेणे हीच मोठी चूक होती, ते डिसेंबरात घ्यावे, तेव्हा रानात ओल असते. जाण्याआधी मैदानावर चुन्याने 'काळी जमीन' आखून तीन वेळा सराव व्हावा, आणि तो त्याच शिक्षकांनी घ्यावा जे मुलांबरोबर जाणार आहेत. मुख्याध्यापकांनाही त्या सरावातून सूट नसावी. शक्य झाले तर त्या नाकेदारांना एक दिवस शाळेत बोलवावे. त्यांचे आभार मानायचे आमच्याकडून राहूनच गेले आहे.

मंडळाची बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. ज्या पालकांनी अर्जावर सही केली त्यांनी अवश्य यावे, आमच्यावर रागवायचे असेल तर तेही करावे. शिबिर ठरलेच, तर साहित्याच्या यादीत यंदा एक बदल असेल. जाड सुती शर्ट पूर्ण बाह्यांचा हवा, आणि बूट कोणत्याही रंगाचे चालतील.