घर बघताय? आधी सायकल काढा

जून-जुलै आला की कोल्हापूरच्या आजूबाजूला रूम शोधायचा सीझन सुरू होतो. कुणाला विद्यापीठात अ‍ॅडमिशन मिळालेली असते, कुणी गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागलेला असतो, कुणाचं नुकतंच लग्न झालेलं असतं. रूम बघायला गेलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी किती वाजता येतं, गाडी लावायला जागा आहे का, उशीर झाला तर गेट उघडं असतं का. ‘इथून सायकलनं जाता येतं का?’ असं मात्र कुणी विचारत नाही. आणि विचारलंच तर घरमालक काका खालपासून वरपर्यंत बघून घेतात आणि म्हणतात, ‘गाडी नाही व्हय तुझ्याकडं?’

दोस्तांनो, या वेळी हाच प्रश्न विचारा. पायानं चालणारी दोन चाकं आणि डोक्यावरचं छप्पर यांचा हिशेब एकत्र मांडायला शिका. उदाहरणाला आपण गडमुडशिंगी घेऊ. कारण शहरात परवडेना म्हणून जिथं आपली पोरं राहायला जातायत, त्या गावांपैकी हे एक आहे.

गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातलं, शहराच्या पूर्वेचं गाव. कोल्हापुरातून हुपरीकडं निघालं की सरनोबतवाडी सोडल्यावर लागतं. एका अंगाला विमानतळ आणि त्याच्या पलीकडं गोकुळ शिरगावची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला वळिवडे आणि गांधीनगरची कापडपेठ. शहर सात-आठ किलोमीटरवर. ताशी पंधराच्या निवांत वेगानं पायडल मारलं तरी यातल्या बहुतेक ठिकाणी अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. म्हणजे नकाशावर बघितलं तर सायकलवाल्यासाठी याहून चांगली जागा नाही. पण सायकल नकाशावरून चालत नाही, ती रस्त्यावरून चालते.

सायकलचा विषय निघाला की कोल्हापूरकराचं तोंड पश्चिमेला वळतं. पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा, राधानगरी. पहाटे पाचला हेल्मेट, लाईट आणि पाण्याची बाटली घेऊन निघालेली टोळी, पन्हाळ्याचा चढ, वर गेल्यावर चहा आणि फोटो. मजा आहेच त्यात, नाद नाही करायचा. त्यामुळं अनेकांना वाटतं, सायकलिंग करायचं तर शहराच्या पश्चिमेलाच राहायला पाहिजे, मुडशिंगीसारख्या पूर्वेच्या गावात राहून काय उपयोग? पन्हाळ्याला जायचं तर आधी सगळं शहर ओलांडावं लागणार.

आता हिशेब करा. वर्षात रविवार बावन्न. त्यातले पावसाचे, परीक्षांचे, लग्नसराईचे आणि झोपेचे वजा करा. पन्हाळ्याच्या किती वाऱ्या उरल्या? पंचवीस धरू. आणि कॉलेजला, कामाला जायचे दिवस? अडीचशे-तीनशे. घर निवडायचं ते या तीनशे दिवसांसाठी. रविवारचा रस्ता हौसेचा असतो, त्यासाठी माणूस तासभर जास्त पायडल मारतो. मंगळवारचा रस्ता गरजेचा असतो. तो धड नसेल तर पंधरा दिवसांत सायकल जिन्याखाली जाते आणि पहिल्या पगारात बाईकचा हप्ता सुरू होतो.

त्या हप्त्याचंही बघा. रोज जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ३७५ किलोमीटर. लिटरला पन्नासचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी साडेसात लिटर पेट्रोल. लिटरचा भाव शंभराच्या वर गेलेला आहेच. त्यावर हप्ता, इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग. तेव्हा चांगल्या रस्त्यावरची रूम चारपाचशे रुपयांनी महाग असली, तरी ती खरं तर स्वस्त पडू शकते.

मग मंगळवारचा रस्ता ओळखायचा कसा?

पहिली गोष्ट, किलोमीटर मोजण्याआधी अडचणी मोजा. गडमुडशिंगीतून कोल्हापुरात जायचं तर पुणे-बेंगळुरू हायवे पार करावा लागतो. हायवेखालून जायची वाट कुठली, तिथं वाहनं चारी बाजूंनी घुसतात का, सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेनं कोण येतं, सहापदरीकरणाच्या कामामुळं वळण कुठून दिलंय, हे स्वतः जाऊन बघा. सात किलोमीटरच्या वाटेत सहा किलोमीटर निवांत आणि दोनशे मीटर जिवावरचे असतील, तर तुमचा रस्ता त्या दोनशे मीटरएवढाच चांगला. कधी कधी दीड किलोमीटर लांबची वाट धरली की हे दोनशे मीटर टळतात. अशी वाट आहे का, हे रूम घेण्याआधी शोधा.

दुसरी गोष्ट, साईडपट्टी बघा. डांबराच्या कडेला मुरमाची सपाट पट्टी आहे का, की डांबर संपलं की थेट चर? मागून डंपर आला तर सायकलवाल्याला उतरायला तेवढीच जागा असते.

तिसरी गोष्ट, वेळ बदलून बघा. रविवारी दुपारी घरमालकाबरोबर बघितलेला रस्ता हा रस्ताच नव्हे. सकाळी साडेआठला एमआयडीसीच्या पहिल्या शिफ्टच्या आणि शाळांच्या गर्दीत जा. संध्याकाळी सातनंतर अंधारात एकदा या. आणि ऊस विसरू नका. गाळप सुरू झालं की हुपरीच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच असं नाही, आणि रस्त्यावर सांडलेल्या उसावरून चाक घसरतं ते वेगळंच. जूनमध्ये रूम घेताना डिसेंबर दिसत नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारा, दूध घालायला जाणाऱ्याला विचारा. त्यांना बारा महिन्यांचा रस्ता पाठ असतो.

चौथी गोष्ट, नदी. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट गाठले की इशारा पातळी, ४३ फूट गाठले की धोका पातळी, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ अख्खा हायवे बंद पडला होता. तुमची खोली मुडशिंगीत आणि नोकरी शिरोलीत असेल, तर मध्ये पंचगंगा आहे. गोकुळ शिरगावची नोकरी नदीच्या अलीकडं आहे. एवढा एक फरक ऑगस्टमध्ये तुमचा पगार वाचवू शकतो.

आणि पाचवी गोष्ट पोरांनी नीट वाचावी. तुम्ही रात्री नऊला ज्या रस्त्यानं शिट्टी वाजवत येता, तोच रस्ता तुमच्या बहिणीला सात वाजता बंद असू शकतो. दिवा नाही, वस्ती नाही, कोपऱ्यावर बसलेलं टोळकं आहे. घरातली पोरगी क्लास सुटल्यावर एकटी सायकलनं ज्या वाटेनं निर्धास्त येते, ती वाट चांगली. बाकी सगळं फोटोपुरतं.

हे सगळं करूनही काहींचं जमणार नाही. शिफ्ट रात्री दोनला सुटत असेल, काम तीस किलोमीटरवर असेल, आई-बाबांना दवाखान्यात न्यावं लागत असेल, तर गाडी घ्या. त्यात कमीपणा काही नाही. सायकल हा काही धर्म नव्हे.

पण आता खरी अडचण. ‘रूम निवडा’ हे सांगणं ज्यांना निवड आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. आपल्यातल्या बहुतेकांचं घर आधीच ठरलेलं आहे. बाबांनी पंधरा वर्षांपूर्वी दोन गुंठे घेतले, कर्ज काढून बांधलं, आता आपण तिथं राहतो. घर हलवता येत नाही. मग आपल्या हातात काय उरतं? रस्ता. आणि मुडशिंगीसारख्या गावात या घडीला तोच पणाला लागलेला आहे.

कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली. तेव्हापासून हद्दवाढीची चर्चा आणि विरोध दोन्ही आपण ऐकत आलोय. हद्द वाढली नाही, पण शहर थांबलं नाही. ते शेजारच्या गावांत शिरलं. २०१७ मध्ये शहरालगतच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. विमानतळाच्या विस्तारात गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांची जमीन गेली. कालचं शिवार आज प्लॉट पाडलेलं दिसतं. शेताचा प्लॉट होताना सगळ्यात आधी जीव जातो तो पाणंदीचा.

पाणंद म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. दोन बाजूंच्या शेतांमधून गेलेली जुनी गाडीवाट. मोठ्या रस्त्यावर न येता पाणंदीनं एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाता येतं. वळिवडे, चिंचवाड, वसगडे, तामगाव, सरनोबतवाडी ही मुडशिंगीच्या आसपासची गावं. मधल्या पाणंदी मुरूम टाकून, रोलर फिरवून धड केल्या, तर शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बांधापर्यंत जाईल आणि शाळेची पोरं डंपरच्या वाऱ्यालाही उभी न राहता शाळेत जातील. पाणंदीवर पहिला हक्क शेतकऱ्याचाच आहे. पण दिवसातून चार ट्रॅक्टर जाणारी वाट सायकलवाल्याला पुरेशी सुरक्षित असते.

ही वाट एका दिवसात नाहीशी होत नाही. आधी कुणीतरी कुंपण दोन फूट पुढं घेतं. मग बांधकामाची वाळू पडते. मग गेट येतं. पाच वर्षांनी विचारलं तर उत्तर मिळतं, ‘इथं रस्ता कधी नव्हताच.’ त्यावर एकच औषध आहे, ते म्हणजे गावनकाशा. तुटक दुहेरी रेषेनं दाखवलेली ती गाडीवाट, तुटक एकेरी रेषेनं दाखवलेली ती पायवाट. तलाठ्याकडं जा, नकाशा बघा, आणि मोबाईलचा जीपीएस लावून त्या वाटेनं सायकल घालून बघा, आज किती शिल्लक आहे ते. पाणंदीसाठी २०२१ मध्ये राज्य सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली होती. वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ‘बघू नंतर’ म्हटलं की मुदत गेली.

आणि ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. अठरा पूर्ण झालेली, मतदार यादीत नाव असलेली आपली पोरं-पोरी या दिवशी कुठं असतात? बहुतेक पन्हाळ्यावर! यंदा पंधरा-वीस जणांनी एकत्र जाऊन एवढंच म्हणा, ‘नवीन लेआउटला ना हरकत देताना नकाशातली पाणंद उघडी राहील, हे ठरावात लिहा.’ फार मोठी मागणी नाही. पण ती प्लॉट पडायच्या आधी करावी लागते.

‘आपल्याकडं असलं काही होत नाही, ते हॉलंडला,’ असं कुणी म्हणेल. त्यांना सांगा, १९७१ साली एकट्या नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली होती. त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आई-बाप रस्त्यावर उतरले, पोरांचे जीव घेणं थांबवा म्हणाले, आणि मग हळूहळू सायकलचे रस्ते झाले. उलट आपलं पुणं. एके काळी सायकलींचं शहर. गाड्या वाढल्या आणि सायकलची जागा गेली. नंतर आखलेल्या कितीतरी सायकल ट्रॅकवर आज गाड्या लावलेल्या दिसतात. गेलेली जागा परत मिळवणं किती अवघड असतं, हे पुण्याकडून शिकावं. मुडशिंगीत ती जागा अजून पूर्ण गेलेली नाही. आपल्याला पुण्यापेक्षा एवढाच काय तो जास्तीचा वेळ मिळालाय.

म्हणून दोन कामं. रूम बघायची असेल तर अ‍ॅडव्हान्स देण्याआधी घरापासून कामापर्यंत एकदा सायकलनं जाऊन या, साध्या मंगळवारी, कामाच्या वेळेला. आणि घर आधीच असेल तर येत्या रविवारी पन्हाळा एक दिवस राहू द्या, आपल्याच गावाची पाणंद बघून या. चेनला चिखल लागेल, एखादं पंक्चरही होईल. पण कुठली वाट उरलीय आणि कुठल्या वाटेवर कुंपण पडलंय, हे तुम्हाला कळेल.

आणि घरमालक काकांनी विचारलं, ‘गाडी नाही व्हय?’ तर सांगा, ‘घ्यायची का नको तेच ठरवतोय काका. म्हणून आधी रस्ता बघायला आलोय.’